फटफटीच्या डाव्या अंगाला

मी एक साइडकार आहे. नाव विलायती असलं तरी जालन्यातल्या बायका मला ‘फटफटीचं टोपलं’ म्हणतात, आणि खरं सांगायचं तर ते नाव मला शोभतं. एक चाक, एक बसायची जागा आणि पुढे निमुळतं होत गेलेलं पत्र्याचं नाक, एवढाच माझा संसार. फटफटीच्या डाव्या अंगाला बोल्टांनी मला जखडलेलं होतं. आवाज तिचा, धूर तिचा, पोरं धावत यायची तीही तिलाच बघायला. ओझं मात्र माझ्यात. घरोघरी असंच चालतं म्हणतात, म्हणून मी फारसं मनाला लावून घेतलं नाही.

मला जालन्यात आणलं एका पाद्रीसाहेबाने. त्याची मडम छत्री उघडून माझ्यात बसायची आणि वाटेवरच्या प्रत्येक शेळीला हात करायची. पुढे मोठी लढाई पेटली, साहेब मायदेशी गेला आणि आम्ही दोघी बंगल्यामागच्या पत्र्याखाली पडलो. फटफटीवर कोंबड्या बसायच्या, माझ्या गादीत उंदरांनी बाळंतपणं केली. शेवटी एका जिनिंगच्या मालकाने आम्हाला मोडीच्या भावात उचललं आणि मशीनवरच्या पुंजारामच्या पुढ्यात टाकलं. पुंजारामने रात्रीचा दिवस करून फटफटीला बोलतं केलं. मालक एकदाच बसला, कंबर धरली, आणि म्हणाला, “तूच चालव बाबा.”

नट आवळताना पुंजाराम एकटाच बोलायचा. त्याच्या संसाराची कथा मला तशीच कळली.

पुंजाराम अंगावर पीत होता तेव्हाच आईबाप मानमोडीच्या तापाच्या साथीत गेले. चुलत्याने वाढवलं, लग्न लावून दिलं आणि हात झटकले. बायको झुंबर पहिलटकरीण म्हणून माहेरी गेली, भोकरदनच्या पुढे, केळना नदीच्या पल्याड. लेक झाली. आता बाळ-बाळंतिणीला आणायचं म्हणजे सासरच्या वडीलधाऱ्या बाईने जायचं, झबलं-टोपडं न्यायचं, मग ओटी भरून पाठवणी. हा गेला एकटाच, तेही तेलकट कपड्यांत आणि हात हलवत. सासरे रखमाजी ओसरीवरून म्हणाले, “तुमच्या घरची मानसं मेली का काय?”

“हाव, मेलीच हायेत!” असं म्हणून हा चहाही न घेता माघारी वळला. बोलला ते खरंच होतं, पण ऐकणाऱ्यांना ते थोबाडीत मारल्यासारखं लागलं.

त्यावर माघाच्या सुरुवातीला निरोप आला. येत्या शुक्रवारी पंच बसणार. दिवस मावळायच्या आत वडीलधारं माणूस घेऊन आलात तर लेक घेऊन जा. नाही आलात तर काडीमोड. पंचांसमोर वाळकी काडी मोडली की लग्न मोडलं. झुंबरसाठी दुसरं स्थळही आलेलं होतं. पुंजाराम चुलत्याच्या पाया पडला, पण चुलता म्हणाला, “तुझ्या तोंडानं केलंय, तुझ्याच तोंडानं निस्तर.”

आपल्या निजामी मुलखात सुट्टी शुक्रवारची. पुंजारामने गुरुवारी दुपारीच आम्हाला बाहेर काढलं. शनिवारी सकाळी जिनचा भोंगा व्हायच्या आत परतायचं होतं. वडीलधारं माणूस नाही तर नाही, फटफटी बघून तरी सासरा विरघळेल, अशी त्याची वेडी आशा. मला तेव्हाच हसू आलं होतं.

आता माझी एक खोड सांगते. मला रिकामी पळवलं की मी डाव्या वळणावर उचलली जाते, आणि माझ्यापायी सगळा गाडा पालथा होतो. म्हणून माझ्यात काहीतरी जड ठेवावं लागतं. पुंजारामने ज्वारीचं पोतं ठेवलं. वजनाला वजन झालं आणि सासरवाडीला रिकाम्या हाताने जायला नको. एका दगडात दोन पक्षी मारल्याच्या खुशीत तो शीळ घालत निघाला.

राजूरच्या अलीकडेच माझ्या चाकात बाभळीचा काटा गेला. ट्यूब काढून चिकटवली, पुढे दुसरा काटा. चिकटवायचं सोल्युशन संपलं तेव्हा त्याने टायरमध्ये कडबा आणि चिंध्या कोंबल्या. त्या चाकावर मी अशी उड्या मारत चालले की माझी मलाच लाज वाटली. दिवस मावळता मावळता तालुक्याच्या शिवेवर नाका आला.

ते लेव्हीचे दिवस होते. परवान्याशिवाय एका तालुक्याचं धान्य दुसऱ्यात नेणं म्हणजे गुन्हा. जालन्यातलं शेंबडं पोरदेखील हे जाणत होतं, पण पुंजारामच्या डोक्यात ते पोतं म्हणजे धान्य नव्हतंच, वजन होतं. जमादाराने माझ्यात कंदील धरला.

“ये क्या है?”

“वजन हाये साहेब. रिकामी गाडी कलंडते.”

“वजन के वास्ते ज्वारी? जालने में पत्थर नहीं मिले?”

“सासरवाडीला चाललो साहेब. रिकाम्या हातानं कसं जावं?”

“अभी तो बोला वजन के वास्ते!”

दोन्ही गोष्टी खऱ्या होत्या, पण शेजारी शेजारी ठेवल्यावर त्यांचं खोटं झालं. पोतं जप्त झालं आणि पुंजारामलाही अडकवून ठेवलं. वरिष्ठ येऊन सोडतील तेव्हा सुटका, आणि उद्या तर जुम्मा, सुट्टी. पुंजाराम रात्रभर नाक्याच्या भिंतीला टेकून बसला. “उद्या काडी मोडतील,” एवढंच पुटपुटत होता. पहाटे नमाजाला उठलेल्या जमादाराने त्याचा चेहरा बघितला, सगळी हकीकत ऐकली आणि दाढी खाजवत म्हणाला, “पोता रहने दे. तू भाग. जल्दी.”

पुंजाराम सुटला तो वाऱ्यासारखा. डोकं तापलेलं, पोटात अन्न नाही, आणि मी रिकामी. दगड भरायचं त्याला सुचलंच नाही. मी आपली खडखडून सांगत होते, पण साइडकारचं कोण ऐकतो? पहिलं डावं वळण आलं. मी अंतराळी झाले, आभाळ दिसलं, आणि आम्ही तिघं ओढ्याकाठच्या तरोट्याच्या झुडपांत जाऊन पडलो. हँडल वाकलं. पुंजारामचा कोपर फुटला. टाकीच्या सांध्यातून पेट्रोल ठिबकू लागलं, आणि लढाईच्या त्या दिवसांत पेट्रोल म्हणजे औषधाचे थेंब.

“मेला का हायेस?” वरून आवाज आला.

रस्त्याच्या कडेला एक बाई उभी होती. ठसठशीत कुंकू, काखेत बोचकं, अंगाने चांगली भरलेली. ही गोजरबाई. शेजारच्याच गावची. सकाळीच सुनेशी भांडण झालं होतं. “तुमच्यावाचून इथं काही अडलं न्हाई,” असं सून म्हणाली, आणि ही तशीच उठून भोकरदनला भावाकडे निघाली होती.

तिने बोचक्यातला साबणाचा तुकडा दिला. पुंजारामने तो टाकीच्या भेगेत दाबून बसवला, दगडाने हँडल ठोकून सरळ केलं. मग तो तिच्याकडे बघतच राहिला.

“मावशी, माझ्या संगं सासरवाडीला येता का?” त्याने सगळं सांगून टाकलं. “माझी सख्खी मावशी म्हनून या. बोलायचं काहीच न्हाई, नुसतं उभं राह्यचं.”

“मला गप ऱ्हायला सांगतो? त्यापरीस धोंडे भर की लेका.” असं म्हणत म्हणत बाई माझ्यात बसलीसुद्धा. माझे स्प्रिंगचे पाटे करकरले, चाक जमिनीला चिकटलं, आणि सगळ्या प्रवासात पहिल्यांदा मी सरळ चालले.

भोकरदन आलं, पण भावाच्या घराकडे तिने वळूनही पाहिलं नाही. सूर्य डोक्यावरून ढळला होता. केळनेच्या पाण्यात मधोमध चाकं वाळूत रुतली, इंजिनात पाणी गेलं, फटफटी मुकी झाली. गोजरबाई लुगडं खोचून उतरली आणि मागून तिने असं रेटलं की मला कळेना, बैल जुंपलाय की बाई. काठावर पुंजारामने ओला प्लग काढला. तिने तो पदरात घट्ट गुंडाळला, पुसला, फुंकला. पलीकडून येणारा गुराखी म्हणाला, “रखमाजीच्या घरी मानसं जमली की.”

पंधरा लाथा खाल्ल्यावर फटफटी खोकली.

आम्ही दारात पोचलो तेव्हा उन्हं तिरपी झाली होती. ओसरीवर पंच बसलेले. मधल्या तांब्याशेजारी एक वाळकी काडी ठेवलेली. दाराआड झुंबर, कडेवर लेक. मी तिला तेव्हा पहिल्यांदा पाहिलं. ती रडत नव्हती. रडून झालेलं दिसत होतं.

“ह्या कोन?” रखमाजींनी विचारलं.

“मावशी,” पुंजाराम म्हणाला.

“कोन मावशी? तुमच्या मायला बहीन नव्हती. लग्नाच्या वक्ताला आम्ही समदी कुळी पाह्यली हाये.”

एका पंचाने हात पुढे करून काडी उचलली. पुंजारामने मान खाली घातली. आता सगळं संपलं असं मला वाटलं, आणि माझ्या त्या कडब्याच्या चाकाचीदेखील मला कीव आली.

तेव्हा गोजरबाई माझ्यातून उतरली.

“बराबर हाये पाव्हनं. मी ह्याची कोनीच न्हाई. आज सकाळी वाटंत भेटलो. पोरगं खोटं बोललं, त्याला चार शिव्या घाला. पन माझं ऐका. मी आज घर सोडून निघाले. माझा पोरगा कचरू बैल जुंपत हुता. त्यानं पाह्यलं, आन् जू तसंच धरून उभा राह्यला. येशीपस्तोर सुदिक मागं आला न्हाई. मी तीनदा मागं वळून पाह्यलं.” तिने पुंजारामकडे बोट केलं. “आन् ह्यो! नाक्यावर कोंडला, नाल्यात पडला, नदीत रुतला. परत फिरायला याला तीन जागा हुत्या. तुमची लेक न्यायाला असं कोनी आलंय, आन् तुम्ही इचारता, संगं कोन आनलं?”

रखमाजींचा हात मिशीवर गेला आणि तिथेच थांबला. पंच त्यांच्याकडे बघू लागले, ते पंचांकडे. पुरुषांचं हे बघणं बराच वेळ चाललं असतं. पण झुंबर उंबरा ओलांडून बाहेर आली, सगळ्यांच्या देखत अंगण चालून आली आणि लेकीला घेऊन माझ्यात बसली. पदर सावरला आणि बापाकडे बघून म्हणाली, “दादा, आशीर्वाद द्या.”

काडी पंचाच्या हातात तशीच राहिली. झुंबरची आई धावत आली. माझ्यातच लेकीची ओटी भरली, आणि गोजरबाईला कुंकू लावून खण-नारळ दिला. विहिणीचा मान दिला हो! गोजरबाईने पदराने नाक पुसलं.

आणि फटफटी सुरू होईना. लाथेवर लाथ, नुसता धूर. तेव्हा काडी मोडायला जमलेले पंचच उठले, धोतराचे सोगे खोचले आणि आम्हाला ढकलायला लागले. माझ्या पाठीला सगळ्यात जोराचा हात रखमाजींचा होता. वेशीपाशी फटफटी कडाडली, गोजरबाई पुंजारामच्या मागे कॅरिअरवर चढून बसली, आणि आम्ही निघालो.

भोकरदनला भावाकडे उतरू का, असं ती म्हणाली नाही आणि कोणी विचारलंही नाही. तिच्या गावच्या फाट्यावर मात्र म्हणाली, “थांबव. मी जाते पायी.”

झुंबर म्हणाली, “अशा एकट्या न्हाई जायच्या. दारापस्तोर नेऊ.”

“अगं, भोंगा चुकंल त्याचा.”

“चुकू द्या,” पुंजाराम म्हणाला.

दिवेलागणीला त्या गल्लीत आमचा असा गोंगाट झाला की कुत्री ओसरीखाली शिरली. दारात सून उभी होती, पिठाचे हात तसेच. मागे कचरू, खाली मान घालून. झुंबर लेकीला घेऊन उतरली आणि म्हणाली, “बाई, तुमच्या सासूबाईंना आनलंय. मानाचं मानूस हाये. भाकरतुकडा ओवाळा.”

सून गर्रकन आत गेली. दार लावते की काय, या भीतीने माझं पत्र्याचं अंग गार पडलं. ती आली ती भाकरीचा तुकडा आणि तांब्या घेऊन. “सकाळधरनं चूल पेटवली न्हाई, आत्ता कुठं पीठ मळलं,” ती म्हणाली. “कोनासाठी पेटवू?” गोजरबाईने बोचकं सुनेच्या हातात दिलं आणि पदर खोचून थेट चुलीकडे गेली.

त्या रात्री त्यांनी आम्हाला जाऊ दिलं नाही, आणि शनिवारचा भोंगा चुकलाच. मुकादमाने पुंजारामची जी खरडपट्टी काढली ती मी शेडमधून कान देऊन ऐकली.

त्याला आता चार वर्षं होतील. यंदा, अठ्ठेचाळीस साली, नाकेबंदीमुळे निजामाच्या मुलखात पेट्रोलचा थेंब मिळत नाही. फटफटी गोणपाटाखाली उभी आहे. मला सोडवून पुंजारामच्या अंगणात ठेवलंय. पोर माझ्यात बसून दिवसभर तोंडाने फटफट करते आणि जगभर फिरून येते. माझा पत्रा गंजलाय, चाक निघालंय. उद्या मोडीत घाला, माझी तक्रार नाही.

फक्त एक मागणं आहे. तुमचं कोणी रुसून वेशीबाहेर गेलं असेल, तर जू हातात धरून उभे राहू नका. गाडी धड नसली तरी निघा. वळून बघणारं माणूस तीनदाच वळतं.