डोळे नसलेलं काहीतरी

"ज्याला डोळे नाहीत असं काहीतरी द्या," मी म्हणालो.

धुळ्यातल्या त्या माशांच्या दुकानात ज्योती नावाची बाई मालकीण होती. ती टाकीच्या काचेवरचं शेवाळ खरवडत होती. तिने हात थांबवून माझ्याकडे पाहिलं. पांढरा शर्ट, कपाळावर केशराचा टिळा, हातात कापडी पिशवी.

"शेठ, कुठून आलात?"

"जळगावहून."

"एवढ्या लांबून आंधळा मासा घ्यायला?"

"मासा नकोच. बेइंद्रिय जीव पाहिजे."

"काय पाहिजे?"

मग मला सांगावं लागलं. आमच्या जैन धर्मात जिवांची मोजणी इंद्रियांवरून करतात. झाड, माती, पाणी यांना एकच इंद्रिय, स्पर्श. शंख, कवडी, गांडूळ, जळू हे बेइंद्रिय, त्यांना दोन, स्पर्श आणि चव. मुंगीला तीन, माशीला चार. मासा मात्र आपल्यासारखाच, पाच इंद्रियांचा. माझी बायको धनकुंवर हे पाठशाळेत मुलांना शिकवायची. पाठशाळा आमच्या दुकानाच्या वरच्या मजल्यावर भरायची. खाली भांडी विकता विकता मलाही ते पाठ झालं.

"म्हणजे डोळा नही, कान नही, नाक नही?" ज्योती साक्रीकडची. बोलता बोलता अहिराणीवर यायची. "मंग दगड लई जा ना, शेठ!"

"दगड आहेत घरी."

ती हसली. मलाही थोडं हसू आलं. बऱ्याच दिवसांत आलं नव्हतं.

धनकुंवर मागच्या चातुर्मासात गेली. शेवटी शेवटी तिचं बोलणं बंद झालं होतं, पण डोळे चालू होते. मी खाटेच्या डाव्या बाजूला गेलो की डोळे डावीकडे यायचे, औषध आणायला दाराकडे गेलो की दाराकडे यायचे. मला काही करता येत नव्हतं आणि ती बघत होती. ती गेल्यावर मी ठरवलं होतं की आता कुणी माझ्याकडे असं बघत जाऊ नये. माणूस नाही आणि जनावरही नाही. शेजाऱ्यांनी पोपट देऊ केला, तोही नको म्हणालो.

माझी सून रूपल हुशार आहे. तिने पोपट वगैरे काढलंच नाही. तिने खाऱ्या पाण्याची छोटी टाकी मागवली आणि माझ्या खोलीत ठेवून दिली. म्हणाली, "पप्पाजी, मम्मीजी आयुष्यभर मुलांना शंखाबद्दल शिकवत राहिल्या. चालणारा शंख त्यांनी कधी बघितला नाही. बघायचा होता त्यांना. तुम्ही बघा." टाकीबरोबर वाळू, मीठ आणि समुद्रातले दगड आले होते. लगेच जीव सोडला तर जगत नाही म्हणून तिने महिनाभर नुसतं पाणीच फिरत ठेवलं. मग एक दिवस म्हणाली, "आता तुम्ही निवडून आणा."

म्हणून मी धुळ्याला आलो होतो. मला असा जीव हवा होता की जो मेला तरी माझ्याकडे बघत मरणार नाही.

"टाकी केवढी?" ज्योतीने विचारलं.

"मोठ्या हंड्याएवढं पाणी मावतं."

"मग फार नाही मावायचं. या, दाखवते."

तिने केशरी मासे दाखवले, पांढऱ्या पट्ट्यांचे. मी विचारलं, हे खातात काय? म्हणाली, बारीक कोळंबी. दुसरे दाखवले. तेही कोळंबीच. सुकं खाद्य? त्यातही मासळीची भुकटी.

"आमच्या घरात ते चालणार नाही."

"शेठ, शाकाहारी समुद्र पाहिजे तुम्हाला! तो अजून कुणी बनवला नाही." मग जरा नरमाईने म्हणाली, "थांबा. घेऊ नका, पण हे बघून जा."

कोपऱ्यातल्या टाकीत वाळूत एक बीळ होतं. बिळाच्या तोंडाशी बोटाएवढा मासा बसला होता. आतून एक कोळंबी दोन्ही नांग्यांनी वाळू ढकलत बाहेर आली. वाळू टाकली, आत गेली, पुन्हा आली. फरशी झाडणाऱ्या बाईसारखं तिचं काम चाललं होतं.

"तिला नीट दिसत नाही," ज्योती म्हणाली. "म्हणून बाहेर आली की एक मिशी माशाच्या अंगावर ठेवते. बघा."

मी बघितलं. खरंच होतं. बारीक दोऱ्यासारखी मिशी माशाच्या पाठीला लावूनच ती बाहेर येत होती. ज्योतीने काचेसमोर हात नेला. माशाने शेपूट नुसतं थरथरवलं आणि कोळंबी आत. मागून मासाही आत. वाळू तेवढी हलत राहिली.

मी किती वेळ उभा होतो कोण जाणे. हे त्यांना कुणी शिकवलं? मासा वेगळ्या जातीचा, कोळंबी वेगळ्या जातीची. कुणी कुणाशी बोलत नाही. तरी एकाने बघायचं आणि एकाने खोदायचं हे ठरलेलं.

"यातला एक मेला तर?" मी विचारलं.

"कोळंबी गेली तर मासा तसाच बसून राहतो, तिथंच. कधी नवी जोडी जमते. कधी नाही जमत."

मासा पुन्हा बाहेर आला होता. त्याचे डोळे डोक्यावर होते, गोल, आणि ते माझ्याकडे वळले.

"नको," मी म्हणालो. "मला शंख दाखवा."

तिने काचेला चिकटलेला एक शंख दाखवला. मोठ्या सुपारीएवढा, वर हिरवट खरबरीत. नुसतं शेवाळ खातो म्हणाली. टाकीतलं संपलं तर वाळवलेलं समुद्री शेवाळ द्यायचं. कुणाला मारावं लागत नाही.

"याला टर्बो म्हणतात."

"एवढ्या हळू चालणाऱ्याला?"

"नाव ठेवणाऱ्याला विचारा. जोडी देऊ?"

"जोडी नको. एकच द्या. एकटा राहतो ना?"

"राहतो. त्याचं कुणावाचून अडत नाही."

ते मला बरं वाटलं.

येताना बसमध्ये पिशवी मांडीवर धरून बसलो. पारोळ्याला एक म्हातारी शेजारी बसली. तिने पिशवीकडे बघून विचारलं, "दही शे का, भाऊ?"

"नाही. शंख आहे."

"वाजस का?"

"नाही, चालतो."

ती जरा सरकून बसली.

घरी रूपलने सांगितल्याप्रमाणे पिशवी पाण्यावर तरंगत ठेवली, टाकीचं पाणी तिच्यात वाटीवाटीने घातलं आणि मग शंख दगडावर ठेवला. बराच वेळ तो नुसता शंख होता. मग खालून काहीतरी राखाडी पसरलं आणि शंख चालायला लागला. दगडावरून वाळूवर, वाळूवरून काचेवर. काचेवर आला तेव्हा त्याची खालची बाजू आम्हाला दिसली. पाय म्हणजे एकच रुंद तळवा. त्या तळव्यातून लाटा जात होत्या, आणि तेवढ्यावर ते सगळं ओझं वर चढत होतं. पुढे तोंड होतं. ते उघडायचं, आतून काहीतरी काचेला घासून जायचं आणि तोंड मिटायचं. जिथून गेला तिथे काच स्वच्छ.

"पप्पाजी, हा जेवतोय," रूपल हळू आवाजात म्हणाली. का कोण जाणे, आम्ही दोघं हळूच बोलत होतो.

मी मनात मोजलं. स्पर्श, चव. दोनच. धनकुंवरने शिकवलं होतं तसंच.

काही दिवसांनी टाकीतलं थोडं पाणी बदलायची वेळ आली. ज्योतीने सांगितलं होतं, जुनं पाणी मोरीत ओता. पण आमच्याकडे पाणी गाळतात, आणि गाळलेल्या फडक्यात जे जीव राहतात ते ज्या पाण्यातून आले त्याच पाण्यात परत सोडतात. त्याला जिवाणी म्हणतात. धनकुंवर रोज करायची. माझे हात सवयीने फडक्याकडे गेले. पाणी दुपदरी फडक्यातून गाळलं आणि फडकं उजेडात धरलं, तर ते हलत होतं.

दुकानात चांदीच्या भांड्यांवरचे शिक्के वाचायला आमच्याकडे भिंग असतं. ते आणलं. पांढरे ठिपके उड्या मारत होते. एकाला अंगाइतकंच लांब शेपूट होतं. एक नुसता गोल फिरत होता. केसाहून बारीक किडा होता, त्याला दोन्ही बाजूंनी पाय, किती ते मोजता आले नाहीत. हे कुठून आले? मी तर एकच जीव आणला होता. मग कळलं, हे दगडातून आले. महिनाभर मी ज्यांना दगड म्हणत होतो ते भरलेले होते, आणि माझ्या खोलीत, माझ्या उशाशी, हे सगळे जगत होते, एकमेकांना खात होते, पिल्लं घालत होते. मला पत्ता नव्हता. मी घाईने फडकं टाकीत उलटं करून हलवलं. मग बराच वेळ टाकीपाशी बसलो. खोलीत एकटा आहे असं त्या दिवशी वाटलं नाही, आणि त्याची थोडी भीतीही वाटली.

त्यानंतरच्या एका दुपारी जेवून खोलीत आलो तर शंख वाळूवर उलटा पडला होता. शंखाचं तोंड वर, त्यावरचं झाकण मिटलेलं. हलत नव्हता.

मी खुर्चीत बसलो. जवळ गेलो नाही. अमन, माझा मुलगा, दुकानात होता. रूपल देरासरात दर्शनाला गेली होती. मी खुर्चीतूनच बघत राहिलो. दुपार तशीच गेली. दोन इंद्रियांचा जीव, मी स्वतःला सांगत होतो, दोनच इंद्रियांचा. पण खुर्चीतून उठवत नव्हतं. शेवटी ज्योतीला फोन लावला, स्पीकरवर.

"गेला," मी म्हणालो.

"कसं कळलं?"

"उलटा पडलाय."

"कधीपासून?"

"दुपारपासून."

"दुपारपासून! अहो, काचेवरून पडला असेल. वाळूत उलटा पडला तर त्याला कधी कधी सुलटं होता येत नाही. तुम्ही काय करत होतात?"

"बसलो होतो."

"शेठ, त्याले सुल्टा करा ना! हात घाला पाणीमा!"

"मेला असेल तर?"

"मेला असंन तर वास येई. काढा आन् वास घ्या. कसाले घाबरतस?"

मी बाही वर केली आणि हात पाण्यात घातला. पाणी कोमट होतं. शंख उचलून पाण्याबाहेर काढला, नाकाशी नेला. समुद्राचा वास असावा तसा वास होता, कुजल्याचा नव्हता. पुन्हा पाण्यात नेऊन तळहातावर सुलटा ठेवला आणि थांबलो.

झाकण आधी केसभर हललं. ते इतकं नेमकं बसलेलं होतं की आमच्या दुकानातल्या एकाही डब्याचं तसं बसत नाही. मग उघडलं. ओला, मऊ पाय माझ्या तळहातावर पसरला आणि चिकटला. पुढून दोन शिंगं आली, लांब, बारीक. आणि प्रत्येक शिंगाच्या मुळाशी एक आखूड बुंधा, त्यावर काळा ठिपका.

मी वाकलो. माझी सावली त्याच्यावर पडली. ठिपके आत गेले. मी बाजूला झालो. ठिपके बाहेर आले. पुन्हा वाकलो. पुन्हा आत.

"याला डोळे आहेत," मी म्हणालो.

"हो ना. असतातच," फोनमधून ज्योती म्हणाली.

"तुम्ही सांगितलं नाहीत."

"तुम्हीच म्हणालात, शंखाला दोन इंद्रियं. मला वाटलं, तुमच्या धर्मात डोळे धरत नसतील." मग तिचा आवाज बदलला. "नको असेल तर परत आणा. दुसरं काही बघू."

धनकुंवर असती तर काय म्हणाली असती याचा विचार करत होतो. ती चिडली नसती. तिने सगळ्या मुलांना घरी बोलावून टाकीसमोर रांगेत उभं केलं असतं, मीच नीट बघितलं नव्हतं म्हणाली असती, आणि पुन्हा मोजायला लावलं असतं. मी तर मोजायचंच टाळून आणलं होतं. बघणार नाही असा म्हणून त्याला निवडलं, आणि तो इतके दिवस काचेतून बघत होता.

"शेठ? आहात ना?"

"आहे. परत नाही आणणार."

"बरं," ती म्हणाली आणि फोन ठेवला.

मी त्या शंखाला मिच्छामि दुक्कडम् म्हणालो, संवत्सरीला माणसांची क्षमा मागताना म्हणतो तसं. म्हणताना सावली पडू नये म्हणून तोंड बाजूला धरलं.

रूपल आली होती. स्वयंपाकघरातून तिचा आवाज आला. "पप्पाजी, ताट वाढलंय! सूर्य चाललाय!" आम्ही सूर्य मावळल्यावर जेवत नाही.

"येतो," मी म्हणालो.

शंख चालायला लागला होता. तळहातावरून अंगठ्याच्या बाजूने वर, एक लाट, मग दुसरी. त्याची जीभ माझ्या कातडीला घासत होती, बारीक कानसेसारखी. चव घेत होता. हात काढला असता तर तो पडला असता.

"पप्पाजी!" रूपल दारात आली. माझा हात कोपरापर्यंत पाण्यात बघून थांबली. "अहो, पाचच मिनिटं राहिली. हात काढा ना."

"तो चालतोय," मी म्हणालो.

ती जवळ आली, वाकली, आणि लगेच मागे झाली, कारण मी म्हणालो, "सावली नको पाडू, त्याला दिसतं." तिने खिडकीबाहेर पाहिलं, मग माझ्याकडे. ताट आणते इथेच, म्हणाली. मी मान हलवून नको म्हणालो. दुसऱ्या हाताने जेवायचं म्हणजे टाकीवर लक्ष राहणार नव्हतं.

ती आत जाऊन ताट झाकून आली आणि माझ्या शेजारी जमिनीवर बसली. खोलीतला उजेड कमी होत गेला. टाकीतला दिवा तेवढा होता. शिंगं, काळे ठिपके, माझं पांढरं पडलेलं मनगट. सूर्य मावळला तेव्हा तो घड्याळाच्या पट्ट्याच्या खुणेपर्यंत आला होता, आणि अजून वरच चालला होता.