नितळबाबा आणि मागची टाकी

माझ्या शोभेच्या माशांच्या दुकानात पाय ठेवायला जागा नव्हती. समुद्री माशांच्या टाकीतलं पाणी चार दिवसांपूर्वी ताकासारखं गढूळ होतं; आज टाकीमागच्या भिंतीवरची पालही स्पष्ट दिसत होती. माणसं काचेला नाक लावून हात जोडत होती. कुणाला जोडत होती, माशांना?

"पाहिलंत?" नितळबाबा म्हणाले. "मंतरलेली चिमूटभर पूड, माशांना कडक उपास, आणि पाणी नितळ. जसं टाकीतलं पाणी, तसंच माणसाचं रक्त."

मग त्यांनी माझ्या दादाच्या डोक्यावर हात ठेवला. दादाच्या किडन्या निकामी झाल्यात. दिवसाआड हॉस्पिटलचं मशीन त्याचं रक्त साफ करतं, म्हणून तो आहे. मधल्या दिवशी माझ्या दुकानात स्टुलावर बसून मासे बघतो.

"उद्यापासून मशीन बंद. हीच पूड, हाच उपास," बाबा म्हणाले.

बाबांना घेऊन आलेल्या वहिनीनं डोळे पुसले. दादानं मान डोलावली. मला असा संताप आला की विचारू नका.

पाणी कशानं गढुळलं ते मला ठाऊक होतं. मी पाठ फिरवली की दादा माशांना खाणं टाकायचा. सकाळी टाकायचा, दुपारी टाकायचा. फार जीव त्याचा. उरलेलं तळाशी कुजलं, जंतू माजले. मागच्या खोलीतल्या टाकीचीही त्यानं तीच गत केली होती.

"सगळे आत या," मी म्हणाले आणि त्या टाकीवरचं फडकं ओढलं. पाणी तितकंच नितळ. "इथं ना पूड, ना मंत्र. मी फक्त खाणं बंद केलं आणि फिल्टर चालू ठेवला."

बाबा हसले. "आमची दृष्टी भिंतीपलीकडेही पोचते, ताई."

"वा, मग आणखी थोडी पोचू दे." मी सगळ्यांना घेऊन पुन्हा बाहेर दुकानातल्या टाकीपाशी आले आणि प्लगला हात घातला. "हा फिल्टर रात्रंदिवस घाण गाळतो, पाण्यात हवा खेळवतो. तुमच्या पुडीपुढं याची काय गरज? करते बंद."

"अहो, थांबा! मासे मरतील."

बाबा बोलून गेले आणि त्यांनी जीभ चावली.

"ऐकलंस, दादा? माशांचं मशीन बंद करायला यांचा जीव धजत नाही. तुझं मात्र उद्यापासून बंद."

दादानं बाबांकडे पाहिलं. मग म्हणाला, "बाबा, माझ्यापेक्षा माशांची काळजी जास्त दिसते तुम्हाला." आणि वहिनीकडे वळला. "अगं, उद्या हॉस्पिटलला जायचंय. फाइल काढून ठेव."

बाबांनी काढता पाय घेतला. पुडीची डबी काउंटरवरच राहिली; ती मी कचऱ्यात टाकली.

तुम्हाला एवढंच सांगते. कुणी म्हणालं, उपचार सोडा, चमत्कार होईल, तर त्याला विचारा की आजवर खरं काम कोण करत होतं. आणि उत्तर मिळेपर्यंत त्याला प्लगला हात लावू देऊ नका.