माइकवरचं कुंकू

मित्रांनो, सांगवीतल्या एका दोन खोल्यांच्या घरात दाराच्या मागे खिळ्याला प्लास्टिकची पिशवी लटकते आहे. तिच्यातून जी काळी वायर बाहेर डोकावते, ती माझी. मी एक जुना हेडफोन आहे. दोन कान, डोक्यावरून जाणारी पट्टी आणि तोंडापुढे येणारी माइकची छोटी दांडी, एवढाच माझा संसार. कानांवरचं रेक्झिन सोलपटलं आहे आणि पट्टीला टेप गुंडाळलेली आहे. पण मी माझ्या म्हातारपणाचं रडगाणं गाणार नाही. मला तुम्हाला माझ्या माइकच्या टोकाला असलेल्या टाचणीएवढ्या भोकाची गोष्ट सांगायची आहे.

माझा जन्म कुठल्या कारखान्यात झाला हे मला ठाऊक नाही. खोक्यातून बाहेर आलो तो थेट पिंपरीच्या बाजारातल्या एका दुकानात. तिथं काचेमागे धूळ खात बसलो असताना दिवाळीच्या तोंडावर धनेश आला. दुकानदार रंगीत दिवे लागणारे हेडफोन दाखवू लागला. धनेशने दिव्यांकडे ढुंकूनही पाहिलं नाही. प्रत्येक हेडफोन हातात घेऊन तो एकच विचारत होता, "समोरच्याला माझं नीट ऐकू जाईल ना?" माझ्यावर दिवे नव्हते, माइक मात्र खणखणीत होता. त्याने मलाच उचललं, तेव्हा पसंत पडलेल्या पोरीसारखी मला लाज वाटली.

त्याने असं का विचारलं हे मला पुढे कळलं. धनेश चाकणच्या एका कंपनीत गाड्यांच्या ब्रेकचे भाग करतो. तिथं मशीनचा आवाज एवढा, की कानात बोळे घालून आठ तास उभं राहायचं आणि खुणेनं बोलायचं. कंपनीच्या बसमध्ये सगळे माना टाकून झोपलेले. घरी आई सुमनताई, परभणीकडची, मायाळू पण मितभाषी. "जेवलास का" आणि "झोप आता" यांच्या मध्ये माय-लेकरांचं फारसं बोलणं नसे. दिवसभराचं साठलेलं बोलणं तो माझ्यात ओतायचा.

संध्याकाळी तो मला कानावर चढवून 'नवखंड' नावाचा ऑनलाइन खेळ खेळत असे. त्यात प्रत्येकाने एक सोंग घ्यायचं, कुणी योद्धा, कुणी वैद्य, आणि टोळी करून मोठ्या राक्षसावर चाल करायची. या चालीला ते रेड म्हणत. धनेशच्या टोळीत आठ जण होते आणि रेडमध्ये कुणी कुठे सरकायचं, कधी मागे फिरायचं, हे धनेश सांगायचा. कंपनीत ज्याचा शब्द निघत नसे, त्याच्या शब्दावर इथं सात माणसं पळत. खोटं कशाला बोलू, त्या वेळी मलाही सेनापतीचा शेला असल्यासारखं वाटायचं.

सगळ्यांत जवळचे आवाज दोघांचे. एक नागसेनचा. तो पिंपरीत मोबाइल दुरुस्त करायचा. दुसरा वर्षालीचा. ती हिंजवडीला नोकरीला होती आणि बऱ्याचदा, "सुरू करू नका रे, कॅब अजून जागची हललेली नाही," असं म्हणतच यायची. यांनी एकमेकांचं तोंड कधी पाहिलं नव्हतं. सांगवीहून दोघांकडे गाडीवर सहज जाता आलं असतं. "एकदा भेटू राव," असं दर आठवड्याला ठरायचं आणि तिथंच राहायचं.

मग एका आश्विनात खेळाच्या मालकांनी नवखंडात पाहुणा आणला. मोटारींच्या शर्यतीच्या दुसऱ्याच एका खेळातला दहा चाकांचा, शिंगं असलेला, बोलणारा ट्रक आमच्या किल्ल्यात येऊन उभा राहिला. दसऱ्यापर्यंत त्याच्याशी लढायचं, नंतर तो आपल्या खेळात परत जाणार. झालं, टोळीत मतांचा बाजार भरला.

धनेश भडकला. "घरचं झालं थोडं अन् व्याह्यानं धाडलं घोडं. आपल्या किल्ल्यांना कधीची नवी मोहीम नाही आणि हा उसना ट्रक आणून उभा केला. मी दिवसभर कंपनीत ब्रेक घासतो राव. घरी येऊन परत गाडीशीच भांडू?"

"मला तर आवडला बुवा ट्रक," नागसेन म्हणाला. "पाहुणा येणार म्हटलं की घर झाडलं जातं, भावा. बघ ना, किती दिवसांनी आठही जण हजर आहेत."

वर्षालीचं तिसरंच. "ट्रक झकास बनवलाय. मला राग मुदतीचा येतो. ऑफिसात डेडलाइन, इथंही डेडलाइन. तो गेला की त्याला हरवून मिळणारी शिंगांची ढाल परत मिळणार नाही म्हणे. म्हणजे खेळायचं का धावायचं?"

मला विचाराल तर तिघांचंही बरोबर होतं. पण हेडफोनला कोण विचारतो. धनेश मात्र रोज तेच तुणतुणं वाजवत राहिला, इतकं की बाकीचे कंटाळले. शेवटी तोच नरमला. "मत माझं माझ्यापाशी. तुम्ही निघालात तर मी मागे राहणार नाही. दसऱ्याला सुट्टी आहे, दुपारी उरकून टाकू." हे बोलताना त्याचा आवाज किती हलका झाला होता, ते मीच ऐकलं.

दसऱ्याच्या सकाळी सुमनताईंनी पाट मांडला. कंपनीत आदल्या दिवशी मशीनला झेंडूचे हार घालून पूजा झालीच होती. घरी पाटावर नट आवळायचे पाने, स्क्रू ड्रायव्हर, मोटारसायकलची किल्ली आणि शेवटी मी.

"त्याला कशाला, आई?" धनेश हसला.

"आरं, तुजं त्वांड ह्याच्यापुढंच उघडतंय," त्या म्हणाल्या. "मंग ह्याला मान नगं व्हय?"

आणि त्यांनी ओल्या हळदीकुंकवाचं चांगलं जाड बोट माझ्या माइकच्या टोकावर, नेमकं त्या भोकावर टेकवलं. मित्रांनो, माझ्या आयुष्यात मला त्याहून मोठा मान मिळाला नाही. धनेशने ते कुंकू पाहिलं होतं. पण पूजेचं कुंकू त्याच दिवशी कुणी पुसतं का? दुपारपर्यंत ते वाळून घट्ट बसलं.

रेड सुरू झाली. "डावीकडे सरका," धनेश म्हणाला. कुणी सरकलं नाही. "अरे डावीकडे, तो शिंगं खाली घालतोय." ट्रक सगळ्यांना तुडवत गेला. मी आवाज आत ओढायचा जिवाच्या आकांतानं प्रयत्न करत होतो, पण तोंडात बोळा कोंबलेला माणूस काय बोलणार. पलीकडच्यांचं बोलणं मात्र माझ्या दोन्ही कानांतून धनेशला स्वच्छ ऐकू येत होतं.

"हा काहीच का सांगत नाहीये?" एवढंच कुणी मोठ्याने विचारलं असतं, तर भांडं तिथंच फुटलं असतं. पण रुसलेल्या माणसाला डिवचू नये, ही आपल्याकडची जुनी रीत. थोड्या वेळाने नागसेन समजूतदारपणे म्हणाला, "राहू दे, वर्षाली. त्याचं मन नाही यात. तूच सांग कुठं सरकायचं ते."

धनेश दचकला. "मन नसतं तर आलो असतो का?" उत्तर आलं नाही. वर्षालीने सूत्रं हातात घेतली. ट्रक पडला. कानात जल्लोष झाला. त्यात धनेशही म्हणाला, "भारी खेळलात राव." त्यालाही कुणी ओ दिली नाही. त्याला वाटलं, आपल्या मतांचा यांनी वचपा काढला. त्यांना वाटलं, हा तोंड फुगवून बसला. खरं काय ते मला एकट्याला ठाऊक होतं आणि नेमका मीच मुका झालो होतो.

त्या संध्याकाळी धनेशने टोळी सोडली. तिकडे सगळे म्हणाले असतील, राग गेला की येईल. इकडे तो मनाशी म्हणत असेल, हाक मारतील तर जाईन. ना यानं पाऊल उचललं, ना त्यांनी. मोबाइलच्या माइकमधला कचरा काढणं हे ज्याचं रोजचं काम, तो नागसेन पिंपरीत बसला होता आणि कचरा अडकलेला मी सांगवीत. धनेश एकटाच किल्ल्यांतून हिंडायचा, एका शब्दानेही न बोलता. न बोलणाऱ्याला माइक बिघडल्याचं कसं कळणार? पुढे पट्टी तडकली, बसमध्ये गाणी ऐकायला त्याने कानात बसणारी छोटी बोंडं घेतली आणि मी या पिशवीत आलो. पिशवीतला एकांत मी सहन केला. पण संध्याकाळी त्या खोलीत नुसतं बटणांचं टकटक ऐकू यायचं, ते मला सोसवत नसे.

वर्ष फिरलं. पुन्हा दसरा आला आणि सुमनताईंनी मला आठवणीनं बाहेर काढलं. जुन्या कुंकवावर नवं लावायचं नाही म्हणून त्या सेफ्टी पिनने ते खरवडू लागल्या. लाल खपली निघून पाटावर पडली.

"आरं धनेश, हितं भोक हाय की. म्या मागल्या साली ह्येच्यावरच लावलं व्हतं."

हातात झेंडूचा हार घेतलेला धनेश तसाच उभा राहिला. त्याने मला उचललं, भोकाकडे पाहिलं, खपलीकडे पाहिलं. मग हार खाली ठेवून तो मला घेऊन आत गेला. माझी वायर एका विशिष्ट कोनात धरली तरच चालते, हे त्याच्या बोटांना अजून आठवत होतं.

खेळातल्या टोळीच्या बोलायच्या जुन्या खोलीत एकच नाव दिसत होतं, नागसेनचं.

"ऐकू येतंय का?" धनेशने विचारलं. या वेळी त्याचा आवाज माझ्यातून आरपार गेला.

नागसेन म्हणाला, "येतंय, भावा. आत्ताच विहारातून आलो, म्हटलं बघावं कुणी आहे का. वर्षभर होतास कुठं?"

"इथंच होतो. त्या दिवशीही बोलतच होतो रे. माइकवर कुंकू होतं आईचं."

"आणि आम्ही समजलो..." नागसेन म्हणाला. वर्षालीचं काय, असं धनेशने विचारलं तेव्हा कळलं की ती उन्हाळ्यातच खेळ सोडून गेली. जाताना म्हणाली होती, ज्यानं सांगायचं तोच नाही, तर धावायचं कुणाच्या शब्दावर.

"यंदा पण पाहुणा येतोय," शेवटी नागसेन म्हणाला. "मासेमारीच्या खेळातला मासा. मला तर बरा वाटतोय. पण आधी तुझं मत सांग. सगळं ऐकतो."

धनेश बोलायला लागला आणि पाटावरची पूजा तशीच खोळंबली. सुमनताईंनी त्याला हाक मारली नाही.

आता त्याच्याकडे नवा हेडफोन आहे. मी पिशवीत असतो आणि दसऱ्याला पाटावर येतो. कुंकू हल्ली पट्टीवर लागतं. मित्रांनो, वस्तू पुसून-जपून वापरा, हे तर मी सांगणारच. पण एखादं बोलकं माणूस अचानक गप्प झालं, तर ते रुसलंय असं परस्पर ठरवू नका. "तुझा आवाज येत नाहीये," एवढं एकदा त्याला सांगा. त्या दुपारी पलीकडच्या सातांतल्या एकानेही हे सांगितलं असतं, तर पलीकडून आज वर्षालीचाही आवाज आला असता.