आळशीरावाचा सदरा

मित्रांनो, मी एक जुना कापडी माणूस आहे. पोटात वाळू, हातापायांत चिंध्या आणि डोक्यात काहीच नाही. आग लागलेल्या घरातून माणसाला बाहेर कसे काढायचे, हे लोकांना शिकवताना माझा उपयोग होतो. मी निपचित पडून राहायचे आणि लोकांनी मला ओढत न्यायचे, एवढीच माझी नोकरी. मुले मला आळशीराव म्हणतात. म्हणोत बापडी.

मला शिवले चौकापलीकडच्या शिलाईताईंनी. अग्निशमन दलातून निवृत्त झालेले जवानकाका आग विझवण्याच्या पाइपाचे फाटके कापड घेऊन त्यांच्याकडे गेले. ते इतके जाड होते की सुया मोडल्या. "काका, यापेक्षा गेंड्याचं कातडं शिवणं सोपं," असे ताई म्हणाल्या खऱ्या, पण त्यांचा एकही टाका आजवर उसवलेला नाही. त्यांची मुलगी टिकली शेजारीच बसली होती. तिने बटणांच्या डब्यातून माझे डोळे निवडले, एक काळा आणि एक निळा. तेव्हापासून मला जग जरा तिरकेच दिसते.

आम्ही शाळांत गेलो, वस्त्यांत गेलो. काका सांगत, धूर वर चढतो म्हणून जमिनीलगत रांगत या. कढईतले तेल पेटले तर पाणी ओतू नका, गॅस बंद करून झाकण ठेवा. इस्त्री बंद केल्याशिवाय जागचे हलू नका. मग ते मला खोलीच्या मधोमध झोपवीत, म्हणजे सगळ्यांना नीट दिसे. कुणीतरी मला ओढून बाहेर नेई आणि टाळ्या पडत. मी आपला उगाच फुशारून जाई. आमच्याबरोबर आलेली टिकली मात्र दर वेळी जवळ येऊन विचारी, "लागलं नाही ना रे?" असे मला दुसऱ्या कुणीही विचारलेले नाही.

मला अंगभर कपडा नाही, हे तिच्या मनाला फार लागले. तिने आईचा पिच्छाच पुरवला. शेवटी ताईंनी उरलेल्या पिवळ्या कापडाचा सदरा शिवला. टिकलीला तो लगेच इस्त्री करून हवा होता.

"उद्या करते," ताई म्हणाल्या. "आणि तू इस्त्रीला हात लावलास तर बघ मग."

कोणती आई असे म्हणत नाही?

पुढचे मला नंतर मोठ्यांच्या बोलण्यातून कळले. संध्याकाळी ताई गिऱ्हाइकाचे कपडे द्यायला खाली गेल्या. आत्ता येते म्हणून गेल्या आणि इस्त्री चालूच राहिली. टिकलीने सदरा पसरला. तो करपला तशी ती घाबरली आणि तिच्या हातातली इस्त्री चिंध्यांच्या ढिगावर पडली. ढीग पेटला. घराचे दार उघडेच होते, मित्रांनो. पण टिकली दाराकडे गेली नाही. आई रागावेल म्हणून ती आतल्या खोलीतल्या कपाटात जाऊन लपली.

शेजारी धावले. काकांनी शिकवल्याप्रमाणे दोघे रांगत आत शिरले. त्यांनी खोल्यांच्या मधोमध चाचपडून पाहिले, जिथे मी नेहमी सापडत असे. धुरात काही दिसेना. त्यांनी हाका मारल्या. ताई तर जिन्यातून जीव तोडून हाका मारत होत्या. टिकलीने ओ दिली नाही.

ती सापडली तेव्हा फार उशीर झाला होता. सदऱ्याची घडी करून तिने तो पाठीमागे लपवला होता. त्यावरचा इस्त्रीचा डाग पाहिल्यावर कुणाला काही विचारावे लागले नाही.

काकांनी शिकवणे सोडले. मी अडगळीच्या खोलीत पडून राहिलो. उंदरांनी माझी टाच कुरतडली. माझी काही तक्रार नव्हती. फक्त 'लागलं नाही ना रे?' असे विचारायला आता कुणी नव्हते.

एक दिवस ताई आल्या. त्यांनी माझी टाच शिवली आणि तो सदरा माझ्या अंगात घातला. मग काकांना म्हणाल्या, "काका, आता याला मधे झोपवू नका. कपाटात ठेवा, पलंगाखाली ठेवा. पोरं लपतात, हे आपण शिकवलंच नाही." काका मान खाली घालून उभे होते.

आता शिकवायला ताईही येतात. त्या मुलांना सांगतात, "इस्त्री चालू ठेवून मी गेले, चूक माझी होती. तुमच्या हातून काहीही झालं, घर जळालं, तरी लपायचं नाही. आधी बाहेर पळायचं. हाक ऐकली की ओ द्यायची. रागवायचं ते आम्ही नंतर बघू." मुले माझ्या सदऱ्यावरच्या डागाकडे टक लावून बघतात.

कपाट उघडण्याचे काम ताई दुसऱ्या कुणाला देत नाहीत. मी आत आहे हे त्यांना ठाऊक असते, तरी दार त्या जपून उघडतात. मग त्या वाकतात आणि फक्त मलाच ऐकू जाईल इतक्या हळू म्हणतात, "ये बाहेर, बाळा. मी नाही रागावणार."

मला ओ देता येत नाही, मित्रांनो. तुम्हाला येते.