एका चपलेवर भोवरा

आमच्या वाचनालयासमोरच्या रस्त्यावर वर्षातून एक दिवस खेळांची जत्रा भरते. तिकीट नाही, विक्री नाही, बक्षीस नाही. इथले जुने खेळ जुन्या माणसांनी मांडायचे आणि वाटेल त्याने खेळायचे, एवढंच.

त्यात अकरा वर्षं बाबांचं टेबल होतं. बाबा लेथवर खुर्च्यांचे पाय कातायचे आणि उरल्यासुरल्या तुकड्यांचे भोवरे करायचे. भोवरा हवा असेल तर पायातली एक चप्पल त्यांच्याकडे ठेवायची. भोवरा परत दिला की चप्पल परत. एकदा दातांचे डॉक्टर एका मोज्यावर तासभर नाचत होते. बाबा त्यांना म्हणाले, "डॉक्टर, दुसरा बूटही ठेवा, दोन भोवरे नेता येतील."

गेल्या वर्षी मांडणी माझ्याकडे होती, कारण मी वाचनालयात नोकरीला आहे. पहिल्यांदाच मोठे पाहुणे येणार होते आणि बाबांचं टेबल जत्रेच्या अगदी तोंडाशी. तो चपलांचा ढीग माझ्या डोळ्यांसमोर आला आणि मी यादीतून टेबल काढून टाकलं. घरी सांगितलं की जत्रेच्या समितीने ठरवलंय, भोवऱ्याची आर, ती खालची लोखंडी अणी, कुणाला लागायची. बाबांनी तेव्हा नुकत्याच चाळीस भोवऱ्यांना आरी ठोकल्या होत्या. म्हणाले, बरोबर आहे, लागू शकते. जत्रेला मात्र इस्त्रीचा शर्ट घालून आले. त्यानंतर चार महिन्यांनी ते गेले.

त्यांचे मित्र घड्याळवाले काका. त्यांनी सगळा राग समितीच्या अध्यक्षांवर काढला. त्या निवृत्त शिक्षिका, सगळे त्यांना बाई म्हणतात. काकांनी वर्षभर त्यांच्याशी बोलणं टाकलं, त्यांचं दुरुस्तीला आलेलं घड्याळही न उघडता परत पाठवलं. बाई हसून म्हणायच्या, मला आता कुठे शाळेची घंटा गाठायचीय. मी ऐकायचे आणि गप्प बसायचे.

यंदा आईने भोवऱ्यांची पेटी काकांकडे दिली आणि टेबल पुन्हा लागलं. सकाळीच बाईंनी मला बाजूला घेतलं. म्हणाल्या, गेल्या वर्षी तुझे बाबा मला विचारायला आले होते. मी सांगितलं, हो, मीच काढलं. लेकीने काढलं हे त्यांना कशाला कळायला हवं?

इतके दिवस मी समजत होते की माझं खोटं फक्त मलाच ठाऊक आहे.

तशीच टेबलाशी गेले. काका भोवऱ्याला दोरी गुंडाळत होते.

"काका, ते टेबल बाईंनी नव्हतं काढलं. मी काढलं."

त्यांचा हात थांबला नाही. का, म्हणून विचारलं. माझ्याकडे पाहुणे, जागा, सुरक्षितता अशी कारणं तयार होती.

"लाज वाटली," मी म्हटलं.

"चपलांची?"

"हो."

"आणि बापाची?"

"थोडी."

त्यांनी दोरी सोडली, पुन्हा पहिल्यापासून गुंडाळायला घेतली. गुंडाळता गुंडाळता म्हणाले, "तो मला सांगायचा, बाईंवर चिडू नकोस, त्या बिचारीला खोटं बोलता येत नाही. मला वाटायचं, उगाच त्यांची बाजू घेतोय."

म्हणजे बाबांनी बाईंना विचारलं त्याच दिवशी त्यांना कळलं होतं. आणि जत्रेच्या दुपारी ते माझ्यासाठी पाण्याचा पेला घेऊन आले होते, सकाळपासून उभी आहेस म्हणाले होते. मी म्हटलं होतं, बाबा, नंतर, पाहुणे आहेत. तेवढा वेळ ते पेला धरून उभे राहिले. कळून-सवरून.

काका गुडघ्यावर हात टेकून उठले. "मी बाईंकडे जाऊन येतो. त्यांचे पाय धरायला हवेत. तू बस इथे."

"काका, मला माफ—"

"ते माझ्याकडे नाही मागायचं," ते म्हणाले आणि गर्दीतून निघून गेले.

मी बाबांच्या खुर्चीत बसले. रांगेतल्या पहिल्या आजींनी एक चप्पल काढून माझ्यासमोर धरली. इकडेतिकडे पाहत त्यांनी विचारलं, भोवरेवाले आज आले नाहीत का?

"ते आता नाहीत," मी म्हटलं. "मी त्यांची मुलगी."

आणि दोन्ही हातांनी ती चप्पल घेतली.