बांधाचा कायदा

जो हरेल त्याने अंजूरच्या नाक्यावर पाटी डोक्यावर घेऊन सुकट विकायची, अशी पैज टपरीवर लागली.

केसरीनाथचं म्हणणं, देशाच्या घटनेतच घालून टाका: जेवढी कमाई तेवढाच खर्च, सरकारला उधारी बंद! शेजारचे सुधीर मास्तर म्हणाले, "आधी आपल्या खाडीच्या बांधाला लावून बघ हा कायदा. दिवाळीच्या आत तूच मोडशील."

"मी? मिशी हाय ना तोंडावर!"

केसरीनाथ बांध समितीचा अध्यक्ष. त्याने ठराव करून घेतला: वर्गणी असेल तेवढाच खर्च, आणि ठराव बदलायचा तर बारातले नऊ हात वर पाहिजेत. मग मास्तर दिसले की हाक मारायचा, "मास्तर, पाटी घेतली का?"

कोजागिरीच्या उधाणाला बांध फुटला. दाराएवढी खांड, आत खारं पाणी. वर्गणी तर पावसाळ्यातल्या डागडुजीतच संपलेली. शेजारच्या गोडाऊनच्या कामावर पोकलेन उभा होता. त्याचा ड्रायव्हर रघू ओरडला, "शेठ, बोला, लगेच आणतो! पैसे मागाहून द्या."

केसरीनाथने हात मोजले. पाच. बाकीचे कशेळीला ड्युटीवर, फोन कोणी उचलेना.

"हात कसले मोजतोस रं मेल्या?" बायजाबाई किंचाळली. "पानी बघ!"

बांधाला लागून तिचंच शेत. पोटरीतून नुकत्या लोंब्या बाहेर पडलेलं भात.

केसरीनाथला पाणी दिसत होतं. पण बांधावर मास्तरही उभे होते. त्याने पुन्हा फोन लावला. आणि पुन्हा.

तोवर खांड बैलगाडी जाईल एवढी झाली. लोंब्या पाण्याखाली गेल्या, तेव्हा त्याच्या तोंडून निघालं, "रघू, घाल मशीन! उधार तर उधार!"

बांध बुजला. पलीकडची शेतं वाचली. बायजाबाईचं न्हाय. खाऱ्या पाण्यात बुडालेली जमीन दोन-तीन वर्षं काही देत न्हाय, हे तिला कोणी सांगायची गरज नव्हती.

रविवारी केसरीनाथ पाटी घेऊन निघाला. मास्तर आडवे आले. "केसरी, चेष्टा होती रे ती. सोड."

"न्हाय मास्तर. सरका."

नाक्यावर रिक्षावाल्यांनी हसून मोबाईल काढले, मग त्याचं तोंड बघून खिशात ठेवले. गर्दीतून बायजाबाई पुढे आली. त्याने पाटी खाली उतरवली, ओंजळ भरून पुढे केली.

"घे ना, मावशी."

"भात न्हाय यंदा," ती म्हणाली. "सुकट खाऊ कशासंगं?"

ती गेली. केसरीनाथने पाटी पुन्हा डोक्यावर घेतली आणि भर नाक्यावर ओरडला, "सुकट घ्या, सुकट!"