मागच्या डाव्या कोपऱ्यातला आवाज

मित्रांनो, मी एक जुना डिस्क प्लेअर आहे. काळा, चपटा आणि भलताच जड. मला उचलणारा प्रत्येक माणूस ‘अरे बापरे’ म्हणतो, आणि मला ते मनातून आवडते. एकेकाळी मी दिवाणखान्यात काचेच्या कपाटात दिमाखाने बसत असे. पण आज सांगणार आहे ती गोष्ट जिन्याखालच्या कोनाड्यातली. तिथे माझ्या डोक्यावर जुने बूट होते, अंगावर धूळ होती आणि माझी दातखिळी बसलेली होती.

आधी माझे कसब सांगतो, म्हणजे पुढचे समजेल. साध्या डिस्कवर दोनच आवाज असतात, डावा आणि उजवा. मी वाजवतो त्या डिस्कमध्ये त्या थराखाली आणखी एक थर असतो. त्यात सगळे आवाज वेगवेगळे ठेवलेले असतात. पुढच्या तीन स्पीकरचे तीन, मागच्या दोघांचे दोन आणि जमिनीलगत घुमणारा एक. ते सुटे झाले की ऐकणारा माणूस गाण्याच्या मधोमध बसतो. हा खालचा थर भल्याभल्या यंत्रांना वाचता येत नाही, मला येतो. गर्व म्हणा हवा तर.

मला विकत आणणाऱ्या गृहस्थांचे चष्म्याचे दुकान होते. गल्लीतली मुले त्यांना भिंगकाका म्हणत, मीही तेच म्हणतो. दिवसभर लोकांच्या डोळ्यांची काळजी आणि संध्याकाळी स्वतःच्या कानांची चैन, असा त्यांचा शिरस्ता होता. भिंतभर डिस्क जमवल्या होत्या. ऐकायला बसताना खुर्ची खोलीच्या बरोबर मध्ये हवी, पण त्यांची खुर्ची कायम मागच्या डाव्या स्पीकरकडे सरकलेली असे. लेक केर काढताना ती मध्ये आणून ठेवी, काका परत सरकवत.

“बाबांचं आणि भूमितीचं कधी पटलंच नाही,” लेक म्हणे.

खरे कारण मला ठाऊक होते. काकांच्या पत्नी एका गायकवृंदात गात. त्या वृंदाची एकच डिस्क निघाली. ध्वनिमुद्रण करणाऱ्याने गाणाऱ्यांना गोल उभे केले आणि माईक मध्ये ठेवले. काकूंची जागा आली मागे, डाव्या हाताला. प्रत्येक ओळीआधी त्या जोरात श्वास घेत. पोहणारा पाण्याबाहेर डोके काढून घेतो ना, तसा. “बाई, श्वास जरा हळू घ्या की,” असे मुद्रण करणारा म्हणाला. “मग गाऊ कशाच्या जोरावर?” असे काकूंनी विचारले, आणि श्वास डिस्कवर तसाच उतरला. पुढे काकू गेल्या. काकांनी खुर्ची सरकवली, ती तेव्हापासून.

मग एक दिवस माझा ट्रे बाहेर येईना. आतला रबरी पट्टा सैल पडला होता, आणि नेमकी तीच डिस्क माझ्या पोटात होती. गाता येत होते, तोंड तेवढे उघडत नव्हते. काकांनी दुकानातले बारीक स्क्रूड्रायव्हर आणून माझ्यासमोर मांडले आणि आपल्या हाताकडे बघत बसले. जन्मभर चष्म्याचे मोहरीएवढे स्क्रू फिरवणारा तो हात आता थरथरत होता. चुकून ओरखडा गेला तर? त्यांनी हत्यारे फडक्यात गुंडाळली आणि रोज संध्याकाळी तीच एक डिस्क ऐकत राहिले. माझी त्याला कधीच ना नव्हती.

पण दुकान बंद झाले, काकांना एकट्याने राहणे जमेना, आणि लेकीने त्यांना आपल्या घरी न्यायचे ठरवले. तिचे घर लहान. भिंतभर डिस्क तिथे कशा मावणार?

“सगळ्यांची कॉपी करून घेऊ,” ती म्हणाली. “एवढीशी हार्ड डिस्क, बाबा. काडेपेटीपेक्षा जरा मोठी. हा पसारा देऊन टाकू.”

मुलगी कष्टाळू आणि नेटकी. एकेक डबी पुसायची, डिस्क संगणकात घालायची आणि कॉपी झाली की खोक्यात ठेवायची. एक डबी रिकामी निघाली.

“आईच्या वृंदाची कुठंय?”

“असेल कुठेतरी,” काका म्हणाले. लेक सुरी घालून माझे तोंड उचकटेल, अशी भीती त्यांच्या चेहऱ्यावर मला स्पष्ट दिसली.

माझ्या जागी ती नवी हार्ड डिस्क आली. कानामागून आली आणि तिखट झाली. माझी रवानगी कोनाड्यात झाली.

मित्रांनो, खरी चूक इथे होती. संगणकाला डिस्कचा वरचाच थर दिसतो. त्याने बिचाऱ्याने दिसले तेवढे प्रामाणिकपणे उतरवले, दोनच आवाज. उरलेले सगळे खोक्यात पडून राहिले आणि कुणाला पत्ताही नव्हता. त्यात अॅम्प्लिफायरला एक बटण असते, ते दाबले की पुढचाच आवाज सगळ्या स्पीकरमधून येतो. लेकीने ते दाबून ठेवले होते. कोनाड्याची भिंत पातळ होती, मला सगळे ऐकू येई.

“मागचं काही ऐकू येत नाहीये गं,” काका म्हणाले.

“अहो बाबा, येतोय की मागून! हा बघा, स्पीकरला हात लावून बघा.”

“येतोय, पण हा पुढचाच आवाज मागे येऊन बसलाय. मागचे लोक कुठे गेले?”

लेक अगदी मऊ आवाजात म्हणाली, “बाबा, आपण एकदा कान दाखवून येऊ या का?”

काका पहिल्यांदा चिडले. दुसऱ्यांदा नुसते हसले. आणि मग, हे मला सर्वांत कठीण गेले, त्यांचा त्यावर विश्वास बसला. एक दिवस ते कोनाड्यापाशी आले. बूट बाजूला करून माझ्या पाठीवर हात ठेवला आणि म्हणाले, “कानच गेले माझे. आता तिला तुझ्या पोटातून बाहेर काढून तरी काय करू?”

मी काय करणार होतो? तार काढलेली, तोंड मिटलेले. काका, तुमचे कान शाबूत आहेत, असे ओरडावेसे वाटत होते. ज्या आवाजासाठी ते झुरत होते तो माझ्या पोटात होता. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो हाच. असा कोंडमारा माझ्या शत्रूच्याही वाट्याला येऊ नये.

जुन्या वस्तू घेणारा व्यापारी यायचा होता. डिस्कची खोकी दाराशी लागली. त्याने फोनवर विचारले, प्लेअर चालू आहे का? म्हणून लेकीने मला बाहेर काढले, ‘अरे बापरे’ म्हणाली आणि रंगाला रंग जुळवत माझ्या सगळ्या तारा जोडल्या. माझ्या तारांची खोबण वेगळी असते, तिथे ते बटण चालत नाही. बाकीच्या खुर्च्यांवर सामान होते, म्हणून ती काकांच्या सरकलेल्या खुर्चीवर टेकली आणि तिने कळ दाबली.

अंगात होते नव्हते ते बळ एकवटून मी डिस्क फिरवली.

आधी शांतता. मग तिच्या डाव्या खांद्यामागे कुणीतरी जोरात श्वास घेतला.

लेक ताडकन उठली आणि मागे वळली. मागे स्पीकर होता आणि भिंत होती. गाणे सुरू झाले. पुढच्या ओळीआधी पुन्हा तोच श्वास. ती खुर्चीच्या पाठीला धरून उभी राहिली.

“बाबा!” ती ओरडली. “बाबा, इकडे या! आई श्वास घेतीये!”

काका आतून लगबगीने आले आणि दारातच थबकले.

“तुला ऐकू आला?”

“हो.”

“मागून? डावीकडून?”

“हो, बाबा.”

“म्हणजे माझे कान...”

“कान चांगले आहेत तुमचे,” लेक म्हणाली आणि रडू लागली. “मीच अर्धं उतरवलं. तुम्ही सांगत होता, आणि मी तुम्हालाच बहिरं ठरवलं.”

काकांनी तिला खुर्चीत बसवले. स्वतः शेजारी जमिनीवर बसले, गुडघे दुखत असूनही. ती डिस्क दोघांनी शेवटपर्यंत ऐकली. मध्येच व्यापाऱ्याचा फोन वाजला आणि वाजून थांबला.

दुसऱ्या दिवशी फडक्यातली हत्यारे पुन्हा माझ्यासमोर आली. या वेळी हात लेकीचा होता आणि डोळे काकांचे. “डावीकडे. हळू. स्क्रू रुसला तर ओढायचं नाही, गोंजारायचं,” असे ते सांगत होते. सैल पट्टा तिने उकळत्या पाण्यात टाकला, तेवढ्याने तो थोडे दिवस आवळतो. ट्रे बाहेर आला तेव्हा मला केवढे मोकळे वाटले म्हणून सांगू! मग माझ्या पाठीतून संगणकापर्यंत तार गेली आणि सगळ्या डिस्कचे खालचे थर मी एकेक करून वाचून दिले. प्रत्येक कॉपी झाली की काका खुर्चीत डोळे मिटून बसत.

“आले का मागचे लोक?” लेक विचारी.

“आले,” असे काका म्हणाले, तरच डबी खोक्यात जाई.

आता आम्ही लेकीच्या लहान घरात आहोत. स्पीकर दाटीवाटीने उभे आहेत, आणि मागच्या डाव्यावर जावई ओला टॉवेल टाकतात म्हणून रोज बोलणी खातात. माझा पट्टा पुन्हा सैल होऊ लागला आहे. लेकीने तसे सांगितले तेव्हा काकांनी काकूंची डिस्क स्वतःच्या हाताने माझ्यात ठेवली आणि ट्रे आत ढकलला. “राहू दे तिथेच,” ते म्हणाले. “कॉपी तुझ्याकडे आहे.”

मित्रांनो, जुनी वस्तू टाकण्याआधी तिची नक्कल जरूर करा, पण ती एकदा ऐकूनही बघा. आणि घरातले म्हातारे माणूस काहीतरी हरवले आहे म्हणाले, तर त्याला दवाखान्यात नेण्याआधी जरा त्याच्या खुर्चीत बसून पाहा.

संध्याकाळ होत आली आहे. लेक कामावरून येईल, खुर्ची डावीकडे सरकवेल आणि कळ दाबेल. तोवर मी तोंड मिटून बसलो आहे.